सोवळ्यातला हात

पंचवटी, नाशिक
२४ नोव्हेंबर १९९६

चि. मोहिनी,

आशीर्वाद. दिवाळीला आली नाहीस म्हणून रागावले होते, पण माझा राग पाकिटाला तिकीट चिकटवेपर्यंतही टिकत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमच्या घरात ब्लडप्रेशर नावाचा पाहुणा आलाय. तुझ्या भावोजींना रामकुंडावर यजमानांचा विधी सांगता सांगता भोवळ आली. बसल्या जागी शेजारच्या गुरुजींच्या खांद्यावर कलले. आता रोज सकाळी गोळी आणि मीठ बंद. डॉक्टरांच्या दवाखान्याच्या वाटेवरच आपलं घर, त्यामुळे महिन्याकाठी ते स्वतः येऊन तपासून जातात. हे पाटावर बसून दंड पुढे करतात, आणि डॉक्टर फुगा दाबायला लागले की पाऱ्याकडे असे बघतात, जसा काही मॅट्रिकचा निकाल लागणार आहे. जगाला मृत्यूचं तत्त्वज्ञान सांगणारा माणूस! मला हसू आवरत नाही.

यांची भाजी आधी काढायची, मग बाकीच्यांची खारट करायची, असा कारभार चालू आहे. यांचं अळणी उरलं की टाकवत नाही, मग लोणच्याची फोड घेऊन मीच संपवते. एकूण यांच्या वाटचं मीठ माझ्या पोटात जातंय.

परवा डॉक्टर मला म्हणाले, "वहिनी, आलोच आहे तर तुमचंही बघून टाकू. या." मी स्वयंपाकघराच्या आतूनच म्हटलं, "अहो, मी सोवळ्यात आहे." येवल्याच्या एका यजमानाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, ब्राह्मण जेवायचे होते. तो पट्टा साऱ्या पंचवटीच्या दंडांना लागलेला. शिवला असता तर पुन्हा अंघोळ, पुन्हा खिरीपासून सगळा स्वयंपाक, आणि बाहेर माणसं उपाशी. "बरं, पुढच्या वेळी," म्हणाले. मला काय धाड भरली आहे बघायला!

तुझी,
ताई

*

सांगली
९ डिसेंबर १९९६

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शाळेच्या ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसले. हेडक्लार्क बाई अशी हसायला लागली की शिपाई घाबरतात.

भावोजींना जपायला सांग. पापड, चटण्या त्यांच्या नजरेसमोरच ठेवू नकोस. आणि पुढच्या महिन्यात डॉक्टर आले की तूही दंड दाखव. पाच मिनिटांचं काम. आपल्या अण्णांच्या वेळी कुणी बघणारं नव्हतं, तुझ्या तर दारात येतंय. पन्नाशी उलटलेल्या बाईने एकदा तरी बघावं.

तुझी,
मोहिनी

*

पंचवटी
२० जानेवारी १९९७

चि. मोहिनी,

तिळगूळ पोचला. वड्या जरा कडक झाल्यात, पण माझे दात अजून शाबूत आहेत.

डॉक्टर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी सोवळ्यात. अगं, ते येतात दहाला, आणि दहा म्हणजे माझी ऐन घाई. दुपारी पानं उठून आवरेपर्यंत तीन वाजतात, मग अंग टाकलं की उठवत नाही. संध्याकाळी दवाखान्यात जा म्हणशील, पण काही होत नसताना तिथे जाऊन खोकणाऱ्या माणसांत बसायचं?

अगदीच काही होत नाही असं नाही. पहाटे उठलं की मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला ठणकतं. थंडीत गार पाण्याने अंघोळ करते ना, त्याचं असणार. दोन तांबे पडले की डोकं बधिर होतं, मग ठणका कळत नाही. तांदूळ निवडताना खडा दिसत नाही हल्ली, चष्म्याचा नंबर वाढलाय. वय झालं, आता काय, तू तरी अजून कॉलेजातली समजतेस स्वतःला.

यांचं प्रेशर उतरलं बरं का. डॉक्टर म्हणाले, याचं श्रेय वहिनींना. हे नुसते हुं म्हणाले, पण मला पोचलं ते.

तुझी,
ताई

*

सांगली
२३ फेब्रुवारी १९९७

प्रिय ताई,

एक गोष्ट सांगते, घाबरायचं नाही. शाळेत तपासणीचं शिबिर होतं. मी नुसती याद्या करायला बसले होते. कुणीतरी म्हणालं, बाई तुम्हीही बघा. बघितलं, तर माझं प्रेशर वाढलेलं! तिघांनी आळीपाळीने बघितलं, खोटं असेल म्हणून. मला काही म्हणजे काही होत नव्हतं, ताई. ना डोकं, ना चक्कर. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच जणांना काहीच होत नाही, म्हणून तर कळत नाही. मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही. आता मी रोज गोळी घेते आणि ठणठणीत आहे.

हे तुला का लिहिलं ते ऐक. अण्णा आठव. सकाळी ओसरीवर डोकं धरून बसायचे, आणि आई म्हणायची, यांना पित्ताचा त्रास. ज्या दिवशी गेले त्या दिवशीही आईने आमसुलाचं सारच केलं होतं. तू तेव्हा सासरी होतीस, मी तिथे होते. आता त्यांच्या एका मुलीला निघालंय आणि दुसरी पहाटे उठून डोक्यावर गार पाणी ओतते.

मला काही होत नसताना निघालं. तुला तर होतंय. हात जोडते, एकदा बघ.

तुझी,
मोहिनी

*

पंचवटी
२२ एप्रिल १९९७

मोहिनी, माझ्या बाई,

तुझं पत्र वाचून मी देवापुढे बसून रडले. एवढीशी तू, मी तुला कडेवर घेऊन हिंडले, आणि तुला गोळ्या? जागरण करू नकोस. ऑफिसातलं काम घरी आणू नकोस. मीठ कसं कमी करायचं ते मला विचार, मी आता त्यात पारंगत झालेय. भाजीत लिंबू पिळायचं, मग मिठाची आठवण येत नाही. तुझ्या नावाने सोमवार धरलेत.

उत्तराला उशीर झाला, कारण रामनवमीची गर्दी. त्यात उन्हाळा असा की बोलायची सोय नाही. परवा पुरण वाटताना माझा घोळणा फुटला. रक्त थांबेचना. भांड्याला येते ती हरसूलकडची भागुबाई दारातून ओरडली, "बाई, ऊन बाधलंय तुमाला, लय उष्णता झाली. कांदा फोडून हुंगा!" आता ब्राह्मणांच्या पानांचं पुरण, तिथे मी कांदा कुठून हुंगू? मागच्या दारी जाऊन डोकं मागे करून बसले. थांबलं हळूहळू. पुरण मात्र फुकट गेलं, सगळं नव्याने केलं. यांना सांगितलं नाही, जेवणं लांबली म्हणून आधीच वैतागले होते.

आता सब्जा भिजवून घेतेय आणि धन्याचं पाणी. बरं वाटतं. तू आपली काळजी घे.

तुझी,
ताई

*

सांगली
३ मे १९९७

ताई,

या पत्राला नमस्कार-बिमस्कार काही नाही. मी चिडले आहे.

नाकातून रक्त वाहतंय आणि तू पुरणाचं दुःख करतेस? प्रत्येक त्रासाचं नाव उष्णता नसतं. असेलही उष्णता, मी कुठे डॉक्टर आहे, पण तूही नाहीस. मी तुला माझी गोष्ट लिहिली ती तू माझी काळजी करावीस म्हणून नव्हे.

आणि मला एक सांग. भावोजी सकाळची गोळी कधी घेतात? विधीला बसायच्या आधी, सोवळं नेसूनच ना? ती गोळी कुठल्या कारखान्यात कुणी केली, कुणाकुणाचे हात लागले, हे त्यांनी कधी विचारलं? त्यांच्या दंडाला तोच पट्टा बांधतात आणि ते उठून पूजेला बसतात. त्यांच्या औषधाला सोवळं नाही, मग तुझ्याच दंडाला कुठून आलं?

तू विचारत नसशील तर मी लिहिते त्यांना.

मोहिनी

*

पंचवटी
१४ जून १९९७

चि. मोहिनी,

अगदी अण्णांसारखं रागावलीस. पत्र ठेवून दिलंय, म्हातारपणी वाचून हसू.

तू म्हणतेस ते खरं आहे. हे सोवळ्यात गोळी घेतात, आणि पट्टा काढला की हात धुऊन, आचमन करून बसतात. पण मोहिनी, ते पडले तर विधी थांबतो. लांबून, कुठून कुठून माणसं बापाच्या अस्थी घेऊन आलेली असतात. त्यांचं अडून कसं चालेल? माझ्यावाचून कुणाचं अडतंय? थोडं डोकं दुखलं तर मी भिंतीला टेकून वरण हलवते. वरण कुठे विचारतं.

यांना मुळीच लिहू नकोस. माझी शपथ आहे. लग्न झाल्यापासून सोवळ्याच्या बाबतीत यांनी मला कधी बोट दाखवलेलं नाही. सासूबाई म्हणायच्या, कुसुमच्या हातचं पान म्हणजे डोळे मिटून जेवावं. आता मी स्वतःसाठी सवलत मागत त्यांच्यापुढे उभी राहू? मला नाही जमणार ते.

घाटाच्या पायऱ्या चढताना धाप लागते, मधे बसावं लागतं. वजन वाढलंय. तुझी पथ्यं चालू आहेत ना?

तुझी,
ताई

*

पंचवटी
२७ ऑगस्ट १९९७

चि. मोहिनी,

अक्षर बघून हसू नकोस. उजव्या हाताला मुंग्या येतात हल्ली. काल वाटी सुटली हातातून. मग थोड्या वेळाने आपोआप बरं झालं. कानातही सारखं गुणगुणतं, एखादी माशी बंद खोलीत सापडल्यासारखं.

गौरी-गणपती तोंडावर आहेत आणि लगेच पितृपक्ष. त्या पंधरवड्यात आमच्याकडे माणूस माणसाला ओळखत नाही. तेवढा पार पडू दे.

तुझी,
ताई

*

सांगली
१३ सप्टेंबर १९९७

तीर्थरूप भावोजींना,

मोहिनीचा नमस्कार. तुम्हाला स्वतंत्र पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. ताईने शपथ घातली होती. ती मोडून लिहीत आहे, त्याचं पाप मला लागो.

ताईला बरं नाही. पहाटे डोकं दुखतं, नजर कमी झाली आहे, एप्रिलमध्ये नाकातून रक्त आलं, चढताना धाप लागते. आता उजव्या हाताला मुंग्या येतात. यातलं तिने तुम्हाला काही सांगितलं नसेल. आमचे अण्णा असेच गेले. मलाही प्रेशर निघालं आहे. डॉक्टर तुम्हाला तपासायला येतात तेव्हा ती सोवळ्यात असते म्हणून दंड दाखवत नाही.

तुम्ही शास्त्र जाणता, म्हणून तुम्हालाच विचारते. सोवळ्यातल्या बाईला डॉक्टरांच्या पट्ट्याचा विटाळ होतो का? होत नसेल तर एवढं एक वाक्य तिला सांगा. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

आपली नम्र,
मोहिनी

*

पंचवटी
२१ सप्टेंबर १९९७

माझ्या मोहिनीस,

आज पानं लवकर उठली, म्हणून चार ओळी.

खरं सांगू का तुला? इतके महिने मी सोवळ्याचं नाव पुढे करते, ते सगळंच खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. मला भीती वाटते गं. अण्णांसारखं निघालं तर? निघालं की मी आजारी. मग डॉक्टर म्हणणार, विश्रांती घ्या. घरात दुसरी बाई नाही, यांना भातसुद्धा लावता येत नाही. यजमान दुसऱ्या दारी जातील. आणि मी नुसती पलंगावर बसून काय करू? न मोजता आहे तोवर मी धडधाकट आहे, असं मनाला समजावत होते.

पण काल यांचं धोतर पिळताना हातातली ताकदच गेली, आणि मला तुझी आठवण आली. इतकी आली की वाटलं, आत्ता निघावं. तेव्हा ऐक. सर्वपित्री अमावास्या झाली की मी मोकळी. दसऱ्याला सांगलीला येते. तू नेशील त्या डॉक्टरांकडे येईन, म्हणशील तो हात पुढे करीन. डावा म्हण, उजवा म्हण. गोळ्या दिल्या तर दोघी बहिणी मिळून खाऊ. आता तरी हसलीस ना?

स्टँडवर घ्यायला ये. मी एकटी इतक्या लांब कधी आले नाही.

तुझीच,
ताई

*

पंचवटी
२४ ऑक्टोबर १९९७

सौ. मोहिनीताई यांस,

ढुंढिराजचा नमस्कार. तेरावं होईपर्यंत तुम्ही इथेच होतात, पण आपलं बोलणं झालं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, आणि मला तोंड उघडता आलं नाही. तुम्ही गेल्यावर घर फार मोठं झालं आहे. काल तुमचं पत्र उघडलं, म्हणून आज लिहीत आहे.

सर्वपित्रीला सकाळपासून तिला मळमळत होतं. भागुबाईला म्हणाली, मला म्हणाली नाही. ओसरीवर मी पिंडांची तयारी करत होतो. भागुबाई धावत आली, "बाबा, बाई पडल्यात. तोंड वाकडं झालंय. मी कशी धरू, त्या सोवळ्यात हाईत." ती कामाची बाई उंबऱ्याशी उभी राहून रडत होती आणि आत पाऊल टाकत नव्हती. मी काय विचारावं? मी विचारलं, पानं वाढून झाली का. मोहिनीताई, माझ्या तोंडून हे शब्द गेले. ते मी कुणाजवळ बोललो नाही, तुम्हाला सांगतो आहे.

आत गेलो. शेगडीजवळ पडली होती, उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. रिक्षावाला उचलायला आत आला, तर ती डाव्या हाताने त्याला दूर सारू लागली. शुद्ध होती तेवढी. मी म्हणालो, राहू दे आता सोवळं. तिला ऐकू आलं की नाही, ठाऊक नाही. हात खाली आला, एवढं खरं.

इस्पितळात तिच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना आधी कधी काही त्रास नव्हता का?" मी म्हणालो, कधीच नाही. अगदी विश्वासाने म्हणालो. पुढचे दिवस तुम्ही तिच्या उशाशी होतात, ते लिहीत नाही.

तुमचं पत्र पितृपक्ष लागताना आलं होतं. त्या पंधरवड्यात मी टपाल बाजूला ठेवतो. लोकांची पत्रं असतात, मुहूर्त विचारलेले असतात, ती मागाहून बघतो. तुमचंही त्यांत गेलं. पाकिटावर सांगली वाचून मला वाटलं, दसऱ्याचं काही असेल.

तुम्ही शास्त्र विचारलंत, त्याचं उत्तर देणं माझं काम आहे. आजारी माणसाला सोवळ्याचा नियम नाही. औषधाचा विटाळ होत नाही, वैद्याच्या हाताचाही होत नाही. यात दोन मतं नाहीत. बाहेरगावची माणसं अशा शंका घेऊन माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना उभ्या उभ्या उत्तर देतो. तिने विचारलं असतं तर तिलाही दिलं असतं.

पण तिने विचारायची गरज नव्हती. डॉक्टर दर महिन्याला तिला हाक मारत, "वहिनी, या, तुमचंही बघू." ती आतून म्हणे, "मी सोवळ्यात आहे." आम्हा तिघांत सोवळं जाणणारा मी एकटा, आणि मी तिथेच पाटावर बसलेला असे. दोघांचंही बोलणं मला दर वेळी ऐकू येत होतं. माझं लक्ष माझ्या पाऱ्याकडे असायचं.

ढुंढिराज